घास तोंडाकडे जाताना हात कसा फिरतो? लिओनार्दो दा विंचीनं ५०० वर्षांपूर्वी काढून ठेवलं होतं, पण कागद पेटीतच राहिले

एक काम करा. ज्या हातात मोबाईल नाही तो हात कोपरात वाकवून पोटाजवळ घ्या. आता तीर्थ घेताना धरतो तसा तळवा वर करा. मग कीबोर्डवर टाईप करताना असतो तसा खाली करा. दोन-तीनदा करून बघा.

काय फिरलं? दहातले नऊ जण सांगतील, मनगट.

आता दुसऱ्या हातानं तोच हात मनगटाच्या जरा वर, म्हणजे घड्याळ बांधतो त्याच्याही किंचित वर, घट्ट पकडा. दोन्ही बाजूंची हाडं हलणार नाहीत इतकं घट्ट. आणि पुन्हा तळवा फिरवायचा प्रयत्न करा. फिरत नाही ना? मनगट तर मोकळं आहे, मग अडलं कुठं?

तर विषय असा आहे की मनगट फिरतच नाही. ते पुढं-मागं वाकतं, अंगठ्याकडे आणि करंगळीकडे कलतं. किल्ली फिरवणं, बाटलीचं झाकण उघडणं, पळीनं आमटी वाढणं, दुकानदाराकडून सुट्टे पैसे घेणं, ह्या सगळ्यात तळवा जो उलटसुलट होतो, तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागामुळं. तिथं दोन हाडं आहेत. करंगळीच्या बाजूचं अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळवा वर असताना ही दोन्ही रेल्वेच्या रुळांसारखी शेजारी शेजारी असतात. तळवा खाली केला की अल्ना जवळपास जागेवरच राहतं आणि रेडियस त्याच्यावरून आडवं जातं. दोघांची फुली होते. मघाशी तुम्ही हात आवळून धरलात तेव्हा ही फुलीच होऊ दिली नाही.

ही फुली १५१० च्या हिवाळ्यात एका माणसानं कागदावर इतकी नेमकी काढली की २०१३ साली एडिंबरामध्ये त्याची चित्रं आजच्या वैद्यकीय स्कॅनच्या शेजारी लावून प्रदर्शन भरवलं गेलं. हा माणूस डॉक्टर नव्हता. आपण त्याला मोनालिसावाला म्हणून ओळखतो.

लिओनार्दो विंचीकर

दा विंची हे काही त्याचं आडनाव नाही. दा विंची म्हणजे विंचीचा. आपल्याकडं जन्मला असता तर सरळ विंचीकर झाला असता. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराजवळच्या या विंची गावात १५ एप्रिल १४५२ ला त्याचा जन्म झाला. वडील सेर पिएरो हे नोटरी, म्हणजे कायदेशीर कागदपत्रं करणारे प्रतिष्ठित गृहस्थ. आई कातेरीना. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं.

ही एक गोष्ट त्याचं आयुष्य ठरवून गेली. लग्नाबाहेरच्या मुलाला वडिलांच्या नोटरीच्या व्यवसायात जाता येत नसे. त्यामुळं त्याला लॅटिन नीट शिकवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आणि तेव्हाचं सगळं वैद्यकशास्त्र होतं लॅटिनमध्ये. म्हणजे पुढं ज्या विषयात त्यानं कमाल केली, त्या विषयाची पुस्तकं त्याला धड वाचताही येत नव्हती. मोठा झाल्यावर तो स्वतःच लॅटिन शिकायची खटपट करत राहिला.

वडिलांनी त्याला फ्लॉरेन्सला वेरोक्कियो नावाच्या नामांकित कलाकाराच्या हाताखाली ठेवलं. तिथं तो चित्रं, मूर्ती, धातूकाम सगळं शिकला. पोरगा डावखुरा होता. उजवीकडून डावीकडं, आरशात बघितल्यासारखी उलटी अक्षरं लिहायचा. ही गुप्त लिपी होती असं रील्सवर सांगतात, पण साधं कारण जास्त पटतं. डावखुऱ्या माणसानं डावीकडून उजवीकडं लिहिलं की ओली शाई हाताला पुसली जाते.

पण म्हणून उजवा हात नुसता शोभेला होता असंही नाही. २०१९ साली फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातल्या अभ्यासकांनी त्याचं १४७३ सालचं एक निसर्गचित्र तपासलं. तो दोन्ही हातांनी लिहायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याच्यानंतर तीसेक वर्षांनी त्याचं चरित्र लिहिणाऱ्या जॉर्जो वासारीनं तर एक किस्सा देऊन ठेवलाय. लिओनार्दो म्हणे उजव्या हातानं घोड्याचा लोखंडी नाल शिशाचा असल्यासारखा पिळायचा. वासारी मीठमसाला लावण्यात पटाईत होता, तेव्हा नालाची गोष्ट कितपत खरी कोण जाणे. पण उजवा हात आणि पिळणं, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं लागणार आहेत.

एकाच चित्रातले दोन तळवे

साधारण १४८२ मध्ये तो मिलानला गेला. तिथल्या लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशाच्या पदरी राहून त्यानं १४९५ ते १४९८ या काळात एका मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर ‘द लास्ट सपर’ काढलं. हे चित्र आता मोबाईलवर उघडा आणि मधे बसलेल्या येशूचे हात बघा.

उजवा तळवा खाली, बोटं पसरून ताटाकडं निघालेली. डावा तळवा वर, टेबलावर उघडा टाकलेला. एका हातात रेडियसनं अल्नाला ओलांडलंय, दुसऱ्यात दोन्ही हाडं शेजारी शेजारी. एका हातात घ्यायची हालचाल आहे, दुसऱ्यात देऊन टाकल्याची. ही दोन्ही हाडं अशी वागतात याचा तपशील तेव्हा त्याच्याकडं होता की नाही, हे चित्र सांगत नाही. हाताच्या आतली ती सविस्तर चित्रं आणखी बारा-पंधरा वर्षांनी आली. पण हात काय बोलतो हे त्या चित्रकाराच्या डोळ्यांनी आधीच टिपलं होतं.

आत काय आहे हे बघायची हौस मात्र जुनी. १४८९ मध्येच त्यानं माणसाची कवटी कापून तिची चित्रं काढली होती आणि शरीरावर एक पुस्तक लिहायचं मनात घेतलं होतं. ते पुस्तक पुढची तीस वर्षं ‘होणार होणार’ याच अवस्थेत राहिलं. कामं अर्धवट सोडण्यात या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

म्हातारा आणि हॉस्पिटल

१५०७-०८ च्या हिवाळ्यात तो फ्लॉरेन्समध्ये होता. सांता मारिया नुओवा हॉस्पिटलात एक म्हातारा खाटेवर बसून त्याच्याशी बोलत होता. वय शंभरच्या वर आहे, अशक्तपणा सोडला तर काही दुखत नाही, असं म्हाताऱ्यानं सांगितलं आणि थोड्याच वेळात शांतपणे गेला. इतकं सुखाचं मरण कशानं येतं हे शोधायला लिओनार्दोनं त्याच देहाचं विच्छेदन केलं. त्याला आतल्या रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक झालेल्या दिसल्या. आज हृदयविकाराचे डॉक्टर जे समजावतात, त्याचं हे फार जुनं वर्णन.

इथं एक गैरसमज काढून टाकू. लिओनार्दो रात्री स्मशानातून प्रेतं चोरायचा, चर्चपासून लपून कापायचा, असं फॉरवर्ड तुम्हीही वाचलं असेल. तसा पुरावा नाही. त्याचं काम हॉस्पिटलांच्या आश्रयानं चालायचं, आणि त्या काळी इटलीतल्या विद्यापीठांत विच्छेदनं रीतसर होत. फक्त तिथली पद्धत मजेशीर होती. प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून जुनं पुस्तक वाचणार आणि खाली दुसराच कुणीतरी चाकू चालवणार. पुस्तकात बहुतेक करून गेलन. हा दुसऱ्या शतकातला वैद्य, ज्यानं मुख्यतः माकडं आणि इतर जनावरं कापली होती. देहात दिसतंय एक आणि पुस्तकात लिहिलंय दुसरं असं झालं, तर बऱ्याचदा पुस्तकाचंच खरं धरलं जायचं.

लिओनार्दोचा फायदा हा की त्याला ते पुस्तक नीट वाचताच येत नव्हतं. हे मी थोडं ताणून सांगतेय, गेलन त्यालाही माहीत होता आणि सुरुवातीच्या चित्रांत त्याच्या चुकाही उतरल्यात. पण १५१० पर्यंत तो पुस्तकापेक्षा समोरच्या हातावर विश्वास ठेवायला लागला होता.

१५१० चा हिवाळा

हिवाळाच का? फ्रीज नव्हते. थंडीत देह जास्त दिवस टिकायचा. तरी वास, रक्त आणि रात्रभर कापलेल्या प्रेतांच्या सोबतीला बसायची भीती, हे सगळं त्यानं स्वतःच्या टिपणांत लिहून ठेवलंय. आयुष्याच्या शेवटी त्यानं तिसाहून जास्त देह कापल्याचं एका पाहुण्याला सांगितलं होतं.

या हिवाळ्यात त्याच्या सोबतीला होता मार्कांतोनिओ देल्ला तोर्रे, पाविया विद्यापीठातला तरुण प्राध्यापक. एकाकडं विषयाचं शिक्षण, दुसऱ्याकडं चित्रकाराचा डोळा. त्या काळातली १८ पानं आज शिल्लक आहेत. प्रत्येक पान साधारण आपल्या ए-फोर कागदाएवढं, आणि त्यांवर मिळून २४० च्या आसपास चित्रं. मोकळी जागा दिसली की उलट्या अक्षरात टिपण. कागद महाग असल्यासारखं वापरलंय, आणि होताही.

हाताचं पान काढताना त्यानं घर बांधतात तसा क्रम धरला. आधी नुसती हाडं, मग हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, मग बोटं ओढणाऱ्या दोऱ्या म्हणजे स्नायूबंध, मग नसा आणि रक्तवाहिन्या, सगळ्यात शेवटी कातडीसकट हात. प्रत्येक थर आधीच्यावर चढवायचा, म्हणजे बघणाऱ्याला आत-बाहेर करता येईल. एकच वस्तू चारही बाजूंनी फिरवून दाखवायची हेही त्याचंच. आज थ्रीडी अॅपमध्ये बोटानं मॉडेल फिरवतो, तेच, फक्त शाईनं.

आणि मग ती फुली. तळवा वर असलेला हात आणि तळवा खाली असलेला हात, दोन्हींची हाडं त्यानं वेगवेगळी काढली. शिवाय एक गोष्ट टिपली, जी आपण कितीही वेळा हात फिरवला तरी लक्षात येत नाही. तळवा खाली केला की हात किंचित आखूड होतो. कारण सोपं आहे. सरळ काठी तिरकी ठेवली की तिची पोहोच कमी होते, आणि फुली करताना रेडियस तिरकं होतं.

मग पुढचा प्रश्न. रेडियसला परत फिरवून सरळ कोण आणतं?

उत्तर म्हणजे बायसेप्स. जिममध्ये आरशासमोर फुगवून दाखवतात तो दंडाचा स्नायू. त्याचं काम हात कोपरात वाकवायचं, एवढंच आपण धरून चालतो. लिओनार्दोनं त्याचं खालचं टोक कुठं चिकटलंय हे बघितलं. ते रेडियसवर चिकटतं, तेही बाजूच्या एका उंचवट्यावर. तळवा खाली असताना हे टोक रेडियसभोवती थोडं गुंडाळलं जातं. भोवऱ्याला जाळी गुंडाळून ओढली की भोवरा कसा फिरतो? तसंच. बायसेप्स ओढला गेला की रेडियस फिरतं आणि तळवा आभाळाकडं होतो. म्हणजे एकच स्नायू दोन कामं करतो. कोपर वाकवतो आणि तळवाही वर फिरवतो.

खात्री करायची असेल तर कोपर काटकोनात ठेवा, दुसऱ्या हातानं दंड धरा आणि कोपर न हलवता फक्त तळवा खाली-वर करा. तळवा वर येताना दंड टणक होतो ते बोटांना कळेल.

आता जेवणाचा विचार करा. ताटातली भाकरी मोडताना, भात कालवताना तळवा खाली असतो. घास उचलला की दोन गोष्टी एकदम व्हाव्या लागतात. कोपर वाकलं पाहिजे आणि बोटं तोंडाकडं वळली पाहिजेत, नाहीतर घास हनुवटीवर. हे दोन्ही एका ओढीत होतं. आपण दिवसातून दोनदा, प्रत्येक घासाला ही यंत्रणा चालवतो आणि आईनं मीठ कमी टाकलंय यावर चर्चा करतो.

आणखी एक गंमत. स्क्रू घट्ट करायला घड्याळाच्या दिशेनं फिरवतात. उजव्या हातानं तसं फिरवताना बायसेप्स कामाला येतो, म्हणून जोर मिळतो. डावखुऱ्याला तोच स्क्रू घट्ट करताना हात उलट, कमी ताकदीच्या दिशेनं फिरवावा लागतो. डावखुऱ्या मित्राला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही म्हणून हसला असाल, तर माफी मागा.

स्नायूंची ओढ नीट दिसावी म्हणून लिओनार्दो काही चित्रांत मांसल स्नायू काढायचाच नाही, त्यांच्या जागी नुसत्या दोऱ्या ताणलेल्या दाखवायचा. कुठून कुठं ओढ आहे ते लगेच कळतं. मनगट आणि बोटांचं बरंचसं काम याच तऱ्हेनं, लांबून दोऱ्यांनी चालतं. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात. मनगट पूर्ण खाली दुमडून मूठ आवळून बघा, पकड ढिली पडते. लांबच्या त्या दोऱ्या सैल पडतात. म्हणून जड पिशवी उचलताना मनगट आपोआप जरा मागं कलतं.

हे सगळं फक्त कुतूहलापुरतं नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लोकांना फोन धरणं, दार उघडणं, जेवणं अशी रोजची कामं करायला लावून मोजमाप घेतलं. बहुतेक कामांना हात साधारण १०० अंश फिरला तरी पुरतो, ५० अंश इकडं आणि ५० अंश तिकडं, असं निघालं. निरोगी हात याहून बराच जास्त फिरतो. पण ही दोन हाडं मोडून वाकडी जुळली तर फुलीच होत नाही. माणूस मूठ आवळू शकतो, वजन उचलू शकतो, पण सुट्टे पैसे घ्यायला तळवा पसरू शकत नाही आणि हातानं जेवू शकत नाही. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट हातोडी नाहीतर लाटणं धरून हात डावी-उजवीकडं फिरवायला लावतात, ते यासाठीच.

पुस्तक काही झालं नाही

लिओनार्दोला हे काम लवकरच पूर्ण होईल असं वाटत होतं. पण १५११ मध्ये प्लेगनं देल्ला तोर्रे गेला. युद्धामुळं मिलान अस्थिर झालं आणि लिओनार्दो आपला शिष्य फ्रांचेस्को मेल्झीच्या गावच्या वाड्यावर राहायला गेला. १५१३ ला रोम. तिथं आरसे बनवणाऱ्या एका जर्मन कारागिराशी त्याचं वाजलं. त्या कारागिरानं पोपपर्यंत तक्रार नेली आणि हॉस्पिटलातलं विच्छेदन बंद पडलं. एवढ्या मोठ्या कामात खोडा घातला तो असा, एका चिडलेल्या सहकाऱ्यानं.

१५१६ मध्ये फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्स्वा यानं त्याला बोलावून घेतलं. आंब्वाज इथं घर दिलं, मान दिला. १० ऑक्टोबर १५१७ ला एक कार्डिनल त्याला भेटायला आला. कार्डिनलचा सचिव आंतोनिओ दे बेआतिस यानं त्या दिवशी डायरीत जे नोंदवलं त्यात एक वाईट बातमी होती. म्हाताऱ्या कलावंताचा उजवा हात निकामी झालाय. आता त्याच्याकडून रंगवलेल्या चांगल्या चित्राची आशा नको. चित्रं रेखाटतो, शिकवतो, बाकी नाही.

वासारीच्या गोष्टीत लोखंडी नाल पिळणारा तोच हा उजवा हात.

लकवा झाला असणार असं लोक बरीच वर्षं धरून चालले होते. २०१९ मध्ये दोन इटालियन डॉक्टरांनी वेगळं मत मांडलं. त्यांच्यासमोर सोळाव्या शतकातलं लाल खडूचं एक चित्र होतं. त्यात म्हाताऱ्या लिओनार्दोचा उजवा हात कपड्यात झोळीसारखा अडकवलेला आहे आणि बोटं विचित्र आखडलेली. लकव्यात हाताची मूठ सहसा अशी दिसत नाही, आणि त्याची बुद्धी किंवा इतर अवयव गेल्याचीही नोंद नाही. त्यामुळं अल्नर नावाच्या नसेला इजा झाली असावी, कदाचित पडल्यामुळं, असा त्यांचा अंदाज. कोपर टेबलावर आपटलं की करंट लागल्यासारखी करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, तीच नस. अंदाज तो अंदाजच, ५०० वर्षांपूर्वीच्या पेशंटची तपासणी कुणी करू शकत नाही. पण लिहिणारा डावा हात चालू राहिला आणि ब्रश व रंगाची पाटी सांभाळणं मात्र थांबलं, याचा मेळ त्यातून बसतो.

हातातल्या दोऱ्या कुठून कुठं जातात हे इतकं जवळून पाहिलेली माणसं तेव्हा फार नव्हती. स्वतःची बोटं आखडताना बघून त्याच्या मनात काय आलं, ते त्यानं कुठं लिहिलेलं नाही. २ मे १५१९ ला तो गेला.

कागद मेल्झीला मिळाले. त्यानं ते जिवापाड जपले, पण १५७० च्या सुमारास तो गेल्यावर ते पोम्पेओ लेओनी नावाच्या शिल्पकाराकडं गेले, मग इंग्लंडला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात. दरम्यान १५४३ मध्ये वेसालियसचं मोठं शरीरशास्त्राचं पुस्तक आलं आणि आधुनिक शरीरशास्त्राची सुरुवात त्याच्या नावावर लागली. अठराव्या शतकात विल्यम हंटर या लंडनच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं लिओनार्दोची पानं पाहिली, चकित झाला, ती छापायची ठरवली आणि १७८३ मध्ये तोही वारला.

हाताची ती पानं शेवटी १८९८ मध्ये पॅरिसला छापली गेली. त्याच्या तीनच वर्षं आधी रोंटगेननं एक्स-रे शोधला होता. त्याचा जगभर गाजलेला पहिला फोटो होता त्याच्या बायकोच्या हाताच्या हाडांचा.